नऊ नंबरच्या पेशी

४ मार्च, सोमवार

सेफिनाचा प्रयोग आज दुसऱ्यांदा फसला. पीएचडीला आलेली पोरगी हुशार आहे, पण घाईची आहे. नऊ नंबरच्या पेशींना तिनं किरण दिले, एक दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या आणि मोजल्या. शंभरातल्या चार-पाच विभागताना दिसायला हव्या होत्या. तिला अडतीस दिसल्या.

मी म्हटलं, "मशीनची किल्ली फिरवली होतीस ना?"

"फिरवली होती, आंटी. दिवाही लागला होता."

"मग पेशींच्या बशांची अदलाबदल झाली असेल."

तिनं मान खाली घालून वही मिटली. समोआ बेटांवरून पोरिरुआला येऊन राहिलेल्या घरातली आहे. वयानं मोठ्या बाईला उलटून बोलायचं नाही असं वळण असावं.

प्रयोगाच्या वहीत आकडे लिहायचे असतात, कुरकुर नाही. म्हणून ही वेगळी वही काढली.

आमच्या किलब्राइड संस्थेत मी लागल्यापासून एकच काम चाललंय. किरणांनी पेशीतला डीएनए तोडायचा आणि पेशी काय करते ते बघायचं. चांगली पेशी आधी थांबते. तुटलेलं जोडते. जोडता येत नसेल तर स्वतःला संपवते. जी थांबतच नाही, तुटक्या डीएनएच्या नकला काढत सुटते, तिची एखाद्या दिवशी गाठ होते. थांबायला लावणाऱ्या प्रथिनाचं नाव पी-५३. रोग्यांच्या पेशी ताडून बघायला शेजारी निरोगी माणसाच्या पेशी लागतात, त्या म्हणजे नऊ नंबर. रजिस्टरमध्ये एवढीच नोंद आहे: निरोगी स्त्री, वय तीस, डाव्या दंडाची आतली त्वचा, १९८९.

ती स्त्री मी. आमच्या तेव्हाच्या प्रमुखांना, गेडिससाहेबांना, त्वचा घाईनं हवी होती, मी बाही वर केली. तेव्हा संमतीचे कागद वगैरे नव्हते. साहेब वारले. आता हे मला एकटीला माहीत आहे, आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही.

७ मार्च, गुरुवार

स्वतः करून बघितलं. किल्ली मी फिरवली, बशांवर नावं मी घातली. शंभरात एकेचाळीस.

मशीन तपासायला माणूस बोलावला आहे. सेफिनाला काही म्हटलं नाही. तिनंही विचारलं नाही, पण माझी प्रयोगाची वही उघडी होती आणि ती तिथून दोनदा गेली.

१८ मार्च, सोमवार

मशीन ठीक आहे. दुसऱ्या एका निरोगी माणसाच्या पेशी तेच किरण घेऊन व्यवस्थित थांबतात. म्हणजे दोष नऊ नंबरातच.

मर्डोच्या खोलीत बसलो. मर्डो केअर्न्स आमचा प्रमुख. गेडिसनंतर त्यानं हा विभाग घेतला, आम्ही दोघं एकाच वर्षी इथं आलो. तो म्हणाला, "कुठल्या तरी गाठीच्या पेशी तुझ्या फ्लास्कमध्ये शिरल्यात, नोलीन. होतं असं. भल्याभल्यांकडे होतं."

माझ्याकडे होत नाही. चोवीस वर्षांत माझ्या हातून दोन जातीच्या पेशी कधी एकत्र उघडल्या गेलेल्या नाहीत. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे मला," आणि ओळख पटवायला नमुने बाहेर पाठवायचे ठरवले: आत्ताच्या फ्लास्कमधला एक, आणि १९८९ सालच्या गोठवलेल्या ट्यूबमधला एक.

परत येताना सेफिना म्हणाली, "आंटी, या पेशी नव्वद वेळा विभागल्यात. त्वचेच्या पेशी पन्नास-साठला थकतात ना?"

"काळजी घेतली तर जास्त टिकतात."

"कुणाच्याच नाही टिकत, आंटी."

माझ्या टिकल्या. दर दोन दिवसांनी खाद्य बदलते, ख्रिसमसलाही येऊन बदलते. हाताला गुण असतो. हे तिला पुढे कळेल.

२९ मार्च, गुड फ्रायडे

ओमारूला लेकीकडे, रोवेनाकडे. पोचायला दीड तास लागला, रस्त्याला गर्दी होती. जावयानं ब्लू कॉड तळले होते. डॅरिल मांस-कारखान्यात कापणीवर आहे, पण मासा चांगला तळतो.

नात फ्रेया चार वर्षांची झाली, उंचीनं मात्र सहाची वाटते. हनुवटीवर आणि कपाळावर मुरमं आलीत, डॉक्टरनं मलम दिलंय. खेळून आली की मोठ्या माणसासारखा घामाचा वास येतो. डॅरिल म्हणतो, "ही रग्बी खेळणार." आमच्या घरात अशी अंगापिंडानं भरलेली पोर कधी झाली नव्हती. बघून बरं वाटलं.

जेवणानंतर रोवेनानं एक फॉर्म काढला. दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय, दवाखान्यानं घरातल्या आजारांची माहिती मागितली आहे.

"आजी कशानं गेली?"

"स्तनाच्या कर्करोगानं."

"वय?"

"चौतीस."

"आणि केल्विनमामा?"

"पायाचं हाड. अकरा वर्षांचा होता."

ती लिहायची थांबली. "आई, हे एकाच घरात?"

"मेंढ्यांना बुडवायचे ना त्या औषधात. साउथलँडमध्ये तेव्हा कुणी हातमोजे घालत नव्हतं. आईचे हात कोपरापर्यंत भिजायचे. केल्विन तर त्या हौदाजवळच खेळायचा."

"तूही खेळत असशील."

"मला काही झालं नाही."

तिनं फॉर्म घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. रोवेना माझ्याशी जपून बोलते. तिचा बाप ऑस्ट्रेलियात गेल्यापासूनच. मी संध्याकाळी प्रयोगशाळेत असायचे, ती शेजारी जेवायची, हे ती कधी बोलून दाखवत नाही.

९ एप्रिल, मंगळवार

ओळखीचा निकाल आला. भेसळ नाही. आत्ताचा फ्लास्क आणि १९८९ ची ट्यूब, दोन्ही एकाच बाईच्या.

मला फार हलकं वाटलं. माझ्या हातून चूक झाली नव्हती. पुष्कळ दिवसांनी घरी काहीतरी शिजवलं.

सेफिनाचं म्हणणं आहे की दोन्ही नमुन्यांतलं पी-५३ चं जनुक अक्षर न् अक्षर वाचून घ्यावं. मर्डोनं होकार दिला. मला गरज वाटत नाही, पण मुलीच्या प्रबंधात एक पान वाढेल.

७ मे, मंगळवार

जनुकाचं वाचन आलं.

मर्डोनं आम्हा दोघींना बोलावून प्रयोगशाळेतल्या पडद्यावर दाखवलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. १९८९ च्या ट्यूबमध्ये एका प्रतीत एक अक्षर चुकलेलं आहे. आत्ताच्या फ्लास्कमध्ये दुसरी, चांगली प्रतही गळून पडली आहे. म्हणून त्या पेशी थांबत नाहीत, म्हणून थकतही नाहीत.

"फ्लास्कमधलं नंतर घडलं," मर्डो म्हणाला. "पण पहिली चूक त्या बाईच्या जन्मापासूनची आहे. निरोगी नव्हतीच ती. आजारी पडली नव्हती, एवढंच."

सेफिनानं विचारलं, "अशा घरांमध्ये काय काय होतं, सर?" तिला माहीत असावं. मला ऐकवायला विचारलं की काय, असं आता वाटतं.

तो सांगत गेला. बायकांना तरुणपणी स्तनाचा. मुलांना हाडांचा, मेंदूचा. अगदी लहानांना मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ. ती गाठ मोठ्या माणसांची द्रव्यं रक्तात सोडते. पोराला मुरमं येतात, उंची भराभर वाढते, अंगाला वास येतो, आणि घरच्यांना वाटतं पोर लवकर मोठं होतंय.

मी नव्या पिपेटच्या पेट्या फळीवर रचत होते. सोळा होत्या.

मर्डो म्हणाला, "ही बाई जिवंत असेल तर तिला सांगायला हवं. मुलंबाळं असतील तर आजच. नोलीन, गेडिसच्या पेशींचं तूच बघायचीस. कोण होती ती?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

असं का म्हटलं ते मला समजत नाही.

८ मे, बुधवार

आमच्या अकरा शोधनिबंधांत नऊ नंबर निरोगी म्हणून वापरला आहे. आज दिवसभर ते काढून बसले. ज्या पेशींमध्ये एकच प्रत चालू आहे त्या थांबतात, पण जरा कमी. म्हणजे रोगी आणि निरोगी यांच्यात आम्ही जो फरक छापला तो खऱ्यापेक्षा लहान होता. निष्कर्षांची दिशा बदलत नाही, आकडे बदलतात. दोन निबंध मात्र मागे घ्यावे लागतील.

मर्डो चिडलेला नाही. सगळ्यांना पत्रं लिहिणार आहे. मी त्याला तक्ता करून दिला.

बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

११ मे, शनिवार

ओमारूला जायला निघाले. वाटेत पामरस्टनला थांबून मटणाची पॅटी खाल्ली. गाडीत बसून विचार केला. मी चोपन्न वर्षांची आहे आणि मला काही झालेलं नाही. प्रयोगशाळेतलं वाचन म्हणजे दवाखान्याची तपासणी नव्हे. अनेक पोरांना मुरमं येतात, उंचीचं तर डॅरिलच सहा फूट दोन इंच आहे. नक्की कळल्याशिवाय घाबरवण्यात अर्थ नाही.

परत फिरले. गवत कापलं.

१३ मे, सोमवार

सेफिना जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. कागदात बांधलेले दोन चीज-रोल होते, त्यातला एक तिनं माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"आंटी, मी १९८९ चं रजिस्टर बघितलं."

"मग?"

"स्त्री, वय तीस. त्या वर्षी या विभागात तीन माणसं होती. दोन पुरुष होते."

मी म्हटलं, "बाहेरच्या कुणाचीही असू शकते."

"असू शकते. मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही." ती रोलचा कागद उलगडत राहिली. "आमच्याकडे असं गुपित राहत नाही. माझ्या आईला नुसता ताप आला तरी रविवारी अख्ख्या चर्चला माहीत असतं. लोक घरी येऊन बसतात, उठत नाहीत. वैताग येतो. पण एकटं कुणी नसतं."

"मला एकटेपणाचा त्रास नाही, सेफिना. आणि मला काही झालेलंही नाही."

"तुम्हाला नाही झालं," ती म्हणाली.

मी बशा मोजायला घेतल्या. मग तिनं हळूच विचारलं, "नात केवढी आहे हो तुमची?"

मी सांगितलं. चार. मग मुरमांचं सांगितलं. वासाचं सांगितलं. हे सगळं मी एखाद्या नमुन्याचं वर्णन करावं तसं सांगत होते, आणि सांगताना मला कळलं की सहा दिवस झाले, मला माहीत आहे. सात तारखेला पेट्या रचतानाच माहीत होतं.

सेफिना उठली, माझा कोट आणला आणि म्हणाली, "पेशींना मी खाद्य घालते."

१३ मे, सोमवार, ओमारू

हे रोवेनाच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. चार वाजता पोचले. फ्रेया बागेत होती.

उभ्यानंच सांगितलं. ती बस म्हणाली असती तर बसले असते. केल्विनचं, आईचं, माझ्या त्वचेचं, त्या अक्षराचं. फ्रेयाच्या ग्रंथीचं सगळ्यात शेवटी.

रोवेनानं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "कधी कळलं तुला?"

"सात तारखेला."

"आज तेरा."

"हो."

"आणि गुड फ्रायडेला मी तुला तोंडावर विचारलं होतं, आई. एकाच घरात कसं, म्हणून. हे तुझं काम आहे. आयुष्यभर तू दुसरं काही केलेलं नाहीस. मी शेजाऱ्यांकडे जेवून मोठी झाले ते या कामासाठी. आणि तू मला मेंढ्यांचं औषध सांगितलंस."

"मला खरंच तसं वाटत होतं."

"वाटून घेत होतीस."

तिनं फोन उचलला आणि डॉक्टरकडे उद्या सकाळची पहिली वेळ घेतली. शांत, नीट, स्पेलिंगसकट. फोन ठेवून म्हणाली, "तू आता जा. डॅरिलला मी सांगेन."

चावी घेऊन मी इथंच थांबले आहे, कारण फ्रेया आत येऊन माझा कोट धरून बसली आहे. तिला मी जायला नको आहे. रोवेना बाहेर दोरीवरचे कपडे काढतेय. तिची पाठच दिसते.

१५ मे, बुधवार

मर्डोला सांगितलं. तो उठून खिडकीशी गेला आणि खाली लीथ नदीच्या पाण्याकडे बघत म्हणाला,

"त्या दिवशी मी तुझ्या घरातल्या आजारांची यादी वाचत होतो आणि तू पेट्या रचत होतीस."

"तुला माहीत नव्हतं."

"मूर्खासारखा बोटांवर मोजत होतो मी."

मग त्यानं जनुकांच्या दवाखान्यातल्या बाईंना माझ्यासमोरच फोन लावला. ताजं रक्त द्यायचं, रीतसर. माझं, रोवेनाचं, फ्रेयाचं. पत्रांमध्ये माझं नाव येणार नाही म्हणाला. मी म्हटलं, आलं तरी चालेल.

२४ मे, शुक्रवार

डॅरिलचा फोन. सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ दिसली. साडेतीन सेंटिमीटर. क्राइस्टचर्चला सहा जूनला काढणार.

"रोवेना कुठे आहे?" मी विचारलं.

"इथंच आहे." मग तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. एवढं तुम्हाला सांगावंसं वाटलं मला."

३१ मे, शुक्रवार

तिघींच्या रक्ताचा निकाल आला. माझ्यात आहे, रोवेनात आहे, फ्रेयात आहे. तिघींत तेच एक अक्षर.

माझी छाती, पोट, डोकं सगळं एमआरआयच्या मोठ्या मशीनमधून काढलं. काही नाही. डॉक्टरीण म्हणाल्या, तुमच्या वयाला हे नवलच आहे. त्यांनी अभिनंदनासारखा हात दाबला. मला आनंद झाला नाही. मी माझ्याकडचा वाटा कुणाला तरी ढकलला असं वाटलं. याला शास्त्रात काही आधार नाही.

६ जून, गुरुवार, क्राइस्टचर्च

रोवेनानं ये म्हटलं नव्हतं. नको असंही म्हटलं नव्हतं. पहाटे निघाले, सव्वानऊला पोचले. भूकंपात पडलेला शहराचा मधला भाग अजून कुंपणाआड आहे, वळसा घालून जावं लागलं.

फ्रेयाला आधीच आत नेलं होतं. डॅरिल येरझाऱ्या घालत होता, मग गाडीत जाऊन बसतो म्हणाला. रोवेना आणि मी एका बाकावर, मध्ये तिची पिशवी. चोवीस दिवसांत ती माझ्याशी बोललेली नव्हती.

साडेबाराला सर्जन आले. गाठ अखंड निघाली, आवरण फाटलं नाही, शेजारी कुठे पसरलेली नाही. आणखी सहा महिन्यांनी असं सांगता आलं नसतं, म्हणाले. आता दर तीन महिन्यांनी तपासायचं, रोवेनालाही दर वर्षी. शुद्धीवर यायला तास लागेल. रोवेनानं त्यांचे आभार मानले, ते गेले, आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी उठले नाही. उठावं की नाही ते कळलं नाही.

डॅरिलला फोन करून ती परत येऊन बसली. या वेळी पिशवी खाली ठेवली.

"काही खाल्लंस?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं सँडविच काढलं, अर्धं दिलं. आम्ही खाल्लं. मग ती म्हणाली, "तू काय करतेस ते मला कधी सांगितलं नाहीस. दिवसभर तिथे काय करतेस. सांग आता. नीट सांग, मला कळेल असं."

मी सांगितलं. डीएनए रोजच तुटतो, प्रत्येकाच्या प्रत्येक पेशीत, उन्हानं, श्वासानं, नुसतं जगण्यानं. तुटलं की पेशीला ते कळतं. तुटल्या जागी काही प्रथिनं गोळा होतात आणि पी-५३ ला जागं करतात. मग पेशी हातातलं काम थांबवते. जोडायला सवड मिळते. नाहीच जोडलं गेलं तर ती स्वतःला मोडून टाकते, इतकी नीटनेटकी की शेजारणीला त्रास होत नाही. मी बोटांनी बाकावर काढून दाखवत होते. रोवेना वाकून बघत होती. ती आठ-नऊ वर्षांची असताना तिचा अभ्यास मी असा कधी घेतला नाही.

"आणि आपल्या तिघींच्या थांबत नाहीत?"

"थांबतात. आपल्याकडे एक प्रत चांगली आहे. जरा कमी थांबतात, एवढंच."

"तेवढं पुरतं?"

माझ्या तोंडाशी 'हो' आला होता. मी तो गिळला.

"बहुतेक वेळा," मी म्हटलं.

रोवेनानं मान हलवली. नर्सनं दार उघडून फ्रेयाच्या आईला बोलावलं. ती उठली, दोन पावलं गेली, आणि मागे वळून मला म्हणाली, "चल ना."